चाकाखालचं लिंबू

“भावोजी, थांबा की,” ही मेहुण्याची, भागोजीची, हाक सदानं बारा वर्षांपूर्वी साहेबांची मोटार चालवताना चौलच्या वळणावर ऐकली होती. भागोजीला बैलानं तुडवलं, असं त्यानं घरी सांगितलं.

आता रेवदंड्याच्या ओटीवर तो साहेबांच्या त्याच विलायती मोटारीची प्लास्टिकची चिमुकली नक्कल जोडत होता. डावा दिवा तीनदा चिकटवला, तीनदा फुटला.

“पूजेबिगर ऐकायची न्हाय ती,” म्हणत बायकोनं, गोदूनं, चाकाखाली सुपारीएवढं लिंबू ठेवलं.

सदानं मोटार ढकलली. लिंबू हाडासारखं कडकडलं. ओटीवर रक्त ओघळलं.

“ह्ये काय वो?”

मोटार आपसूक मागं सरली, पुन्हा लिंबावर चढली. आतून कुणी कण्हलं.

“गोदू,” सदा म्हणाला, “बैल नव्हताच. गाडीखाली येऊनबी भागोजी जिता होता. त्यानं मला वळखलं, म्हणून मी गाडी पुन्हा त्याच्यावरनं नेली.”