मंडळाचं शेपूट

फाटक किंचाळलं. दुखऱ्या दाढेला कुणी चिमटा लावावा तसं. मॅव्हिसने ते ओढून घेतलं, कडी अडकवली आणि वर पाहिलं. वर कोल्डरिगची टेकडी होती, टेकडीवर धुकं होतं आणि धुक्यात क्लिफर्डची लाल सॅक होती.

"बिजागऱ्यांना तेल घाल रे!" ती ओरडली. "कान गेले माझे!"

"बघू," सॅक म्हणाली आणि चालू लागली.

मंडळाची तेलाची बुधली त्याच सॅकमध्ये होती. सात वर्षं होती. सात वर्षं तो 'बघू' म्हणत होता.

बुधवार भटके मंडळाचे नियम साधे होते. म्होरक्याने सर्वांत पुढे चालायचं आणि मागे वळून बघायचं नाही, कारण पायाखालच्या दलदलीकडे बघायला कुणीतरी हवं. शेपटाने सर्वांत मागे राहायचं, फाटकं लावायची, कुणाला मागे राहू द्यायचं नाही. बाकीच्यांनी मधे चालत देखाव्याचा आनंद घ्यायचा. एकेकाळी या बाकीच्यांनी अख्खी बस भरून जायची. मग काही गुडघ्यांपायी गेले, काही हृदयापायी, आणि डेरेक स्पेनला राहायला गेला. त्यालाही मंडळ दिवंगतांतच धरतं. आता म्होरक्या क्लिफर्ड होता, शेपूट मॅव्हिस होती आणि मधे पन्नासेक पावलांचं अंतर होतं. ते ठेवणं भागच होतं. नाहीतर बाकीच्यांनी चालायचं कुठे?

ऑगस्टात हेदरची झुडपं फुलली की सगळा माळ जांभळा व्हायचा. मॅव्हिसला त्या जांभळ्याच्या मधोमध एक लाल सॅक दिसायची. आज नोव्हेंबर होता. हेदर करपलेल्या पावासारखा झाला होता आणि आकाश भांडी विसळलेल्या पाण्यासारखं. कुठेतरी एक मेंढी खोकली, अगदी माणसासारखी.

माथ्यावर दगडांच्या ढिगाशी क्लिफर्ड दरीकडे तोंड करून उभा होता. दरीच्या जागी धुकं होतं. मॅव्हिस धापा टाकत त्याच्या मागे पोचली.

"सगळे आले?" त्याने दरीला विचारलं.

"आले."

"मग चला."

आणि तो निघाला. नेहमी हे असंच. म्होरक्या थांबून दम खातो आणि शेपूट पोचलं की निघतो. मॅव्हिसने त्या माथ्यावर आजवर एकदाही बूड टेकलं नव्हतं. चहा ती चालता चालता प्यायची. निम्मा हातमोजे प्यायचे.

आज मात्र तिने मनाशी ठरवलं होतं. तिची प्लिमथला राहणारी मुलगी, जनीन, 'आता कायमची ये' म्हणून मागे लागली होती. खोलीला रंगही देऊन झाला होता. संध्याकाळी तिचा फोन येणार होता आणि उत्तर द्यायचं होतं. क्लिफर्ड आज तिच्यासाठी मिनिटभर जरी थांबला, तर नाही म्हणायचं. नाहीतर हो.

उतारावर तो थांबला नाही. ओढ्यापाशी थांबला नाही. पलीकडचं, शेवटचं फाटक आलं. तो ते पार करून पुढे गेला. मॅव्हिस फाटकापाशी पोचली आणि तिने हाक मारली, "क्लिफर्ड!"

सॅक थबकली. "कोण पडलं?"

"कोण पडणार? मी एकटीच आहे."

"मग?"

"मी जनीनकडे चाललेय. प्लिमथला. कायमची."

ती 'नको जाऊस'ची वाट बघत उभी राहिली. धुकंही उभं राहिलं. मग क्लिफर्ड उलट्या पावलांनी चालत तिच्याकडे आला. नियम न मोडता मागे यायचा दुसरा मार्ग नव्हता. फाटकाच्या खांबाला पाठ लागली तसा तो खाली बसला, सॅकमधून बुधली काढली आणि बिजागऱ्यांना तेल घालू लागला. वरचीला, खालचीला, कडीलासुद्धा.

मॅव्हिस भडकली. "आत्ता? सात वर्षं कानीकपाळी ओरडतेय तेव्हा नाही, आणि आत्ता?"

"तेव्हा आवाज हवा होता," तो बिजागरीला म्हणाला. "फाटक ओरडलं की कळायचं, तू आहेस. वळून बघता येत नाही ना."

मॅव्हिस बिजागरीकडे बघत राहिली.

"पुढच्या बुधवारपासून मीच लावणार आणि मीच ऐकणार," त्याने बुधलीचं झाकण घट्ट केलं. "नको तो आवाज."

तो उठला, सॅक पाठीवर टाकली. "सगळे आले?"

"आले," ती कशीबशी म्हणाली.

"मग चला."

तो गेला. मॅव्हिस फाटकातून बाहेर आली आणि फाटक ढकललं. ते चकार शब्द न काढता बंद झालं. कडीसुद्धा गप्प बसली. मॅव्हिस तिथेच उभी राहिली. पुढे धुकं दाट होत गेलं, क्लिफर्डचे पाय त्यात विरले, मग टोपी, आणि शेवटी फक्त लाल ठिपका उरला. पन्नासेक पावलांवर तो ठिपका थांबला. बराच वेळ थांबून राहिला, कान देऊन.

मग एकाएकी नाहीसा झाला.

दलदल! मॅव्हिस दोन पावलं धावली आणि थबकली. धुक्यात तांबड्याच्या जागी काहीतरी फिकट, गोल होतं. सॅक पाठीवर असते. क्लिफर्ड मागे वळला होता.