रस्त्यापलीकडचे आप्पा

बन्सीलाल आप्पांची आठवण निघाली की गावात सगळे त्यांची माया सांगतात. त्यांची लेक उज्ज्वला मात्र चौऱ्याण्णव सालचा, सुरतेतला तो दिवस सांगते.

प्लेगच्या बातमीने गोडादरा भागातली उज्ज्वलाची गल्ली निम्मी रिकामी झाली होती. नवऱ्याने गावी जाणाऱ्या ट्रकमध्ये जागा मिळवली होती. उज्ज्वला बोचकी बांधत होती, तेवढ्यात आप्पा दिसले. लोक सुरत सोडून पळत होते आणि हे लेकीला न्यायला आले होते.

पण ते रस्त्याच्या पलीकडेच थांबले. उज्ज्वलाची चार वर्षांची मुलगी चंचल आजोबांकडे धावली, तसे आप्पा ओरडले, "तठेच ऱ्हाय! पुढे येऊ नको!"

उज्ज्वलाला रडू फुटलं. "आप्पा, आमच्या घरात कुणालाच काही झालेलं नाही. आम्हाला कशाला घाबरता?"

"तुम्हाला नाही घाबरत, बेटा. परवाच आलो मी. वाटेत भेस्तानला आपल्या गावच्या दत्तूकडे डोकावलो, तर तो एकटाच तापाने फणफणत होता. त्याला टाकून कसा येऊ? माझ्या मांडीवरच गेला, काल." आप्पांनी उपरणं तोंडावर दाबलं आणि बराच वेळ खोकत राहिले. "आता मलाही ताप आहे. तुम्ही निघा. आईला सांग, दोन दिवसांत येतो."

ट्रक हलला तेव्हा ते दवाखान्याच्या दिशेने एकटेच चालले होते.

गावी आईने दोन दिवस त्यांच्या वाटची भाकरी थापली. तिसऱ्या दिवशी तार आली.