वर्षभर गैरहजर

सलग वर्षभर जो उपासनेला येणार नाही, त्याचं नाव सभासदांच्या वहीतून कमी करायचं, हा नियम चर्चच्या सेक्रेटरीसाहेबांनी हट्टानं करून घेतला होता. "चर्च म्हणजे क्लब नाही, मनात आलं तर आलो, नाहीतर घरी लोळत मोबाइलवर प्रवचन ऐकलं!" असं ते सगळ्यांना ठणकावून सांगत. नाव कमी केल्याचं पहिलं पत्र त्यांनी पोटच्या लेकीला धाडलं. बायकोनं रडून डोळे सुजवले, पण ते बधले नाहीत. उलट काम अडायला नको म्हणून छापील पत्रांच्या अख्ख्या गठ्ठ्यावर सह्या करून त्यांनी तो चर्चच्या कपाटात ठेवून दिला.

मग एका सकाळी त्यांचं अर्धं अंग लुळं पडलं आणि ते खाटेला खिळले. दर रविवारी बायकोकडून दाढी करून घ्यायची, धुतलेला सदरा चढवायचा आणि दाराकडे डोळे लावून पडून राहायचं. "आज कुणीतरी प्रार्थनेला येईल बघ," म्हणायचे.

चौदा महिन्यांत कुणी फिरकलं नाही. आलं ते चर्चचं पाकीट. अर्ध्या चेहऱ्यानं का होईना, साहेब हसले. "मी म्हणत नव्हतो? विसरले नाहीत मला! वाच, वाच लवकर."

बायकोनं वाचलं. साहेबांचं नाव वहीतून कमी झालं होतं.

साहेब अडखळत म्हणाले, "सही... सही कुठल्या निर्दयानं केलीय?"



"तुम्हीच. लेकीच्या पत्रावर होती ना, अगदी तशीच आहे."