वाक्यात उपयोग

"आजचा शब्द आर्ग्यू," प्रभुदेसाई सर चष्मा पुसत म्हणाले. आपल्या नव्या शब्दकोशासाठी रोज संध्याकाळी ते एक इंग्रजी शब्द समजावत आणि त्यांची बायको शालन भाजी निवडता निवडता रोजच्या बोलण्यातलं वाक्य देई. पूर्वी त्यावरून दोघांची चांगली जुंपायची. हल्ली तिला सगळंच पटायचं, त्यामुळे काम झपाट्यानं उरकायचं.

"मूळ लॅटिन. अर्थ भांडणं नव्हे, मुद्दा उजेडात आणणं. आपल्याकडे मात्र 'आर्ग्यू करू नकोस' म्हणत पोरांना गप्प करायला वापरतात. हं, दे वाक्य."

शालननं मेथीची जुडी बाजूला ठेवली. "ती आर्ग्यू करेनाशी झाली, तेव्हाच तिनं घर सोडायचं ठरवलं होतं."

सरांनी वाक्य टाइप केलं, पुन्हा वाचलं. "नाटकी वाटतं गं. अशी कोण बाई जाते?" ते म्हणाले, आणि पूर्वीसारखी ती तावातावानं तुटून पडेल म्हणून हसत थांबले.

"बरं, खोडून टाका," शालन म्हणाली. तिनं पदराला हात पुसले, कमरेला खोचलेली घराची किल्ली काढून त्यांच्या कीबोर्डवर ठेवली आणि ती दाराकडे वळली.

सरांचा हात खोडायला उचलेना.