माणसांची वर्दळ

एकोणतीस जातींचे प्राणी, अकरा घुबडं आणि दोन पिल्लांना घेऊन हिंडणारी एक अस्वलीण. जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांनी वर्षभरात एवढं टिपलं होतं. हे जंगल राष्ट्रीय उद्यान व्हावं म्हणून एका तरुण संशोधक मुलीने पायांचे तुकडे पडेपर्यंत वणवण केली होती. उद्यान झालं नाही, तर सगळा डोंगर दगडखाणीला जाणार होता.

निवड समितीच्या खोलीतून बाहेर येत तिच्या मार्गदर्शक सरांनी फाइल तिच्या हातात ठेवली. "नाही झालं गं. शेजारच्या जंगलाला मिळालं."

"सर, आपल्याकडे त्यांच्या दुप्पट प्राणी आहेत."

"प्राण्यांना कोण नाही म्हणतंय? माणसांची वर्दळ फार आहे. वर्षात पन्नासच्या वर नोंदी झाल्या की जंगल अपात्र. तुझ्याच कॅमेऱ्यांतले फोटो संगणकाने मोजलेत, कुणी पदरचं काही घातलेलं नाही."

"तिथे माणसाचं नखसुद्धा दिसत नाही, सर."

"दोनशे आठ वेळा दिसलंय. आता घरी जा आणि झोप काढ. डोळे बघ तुझे."

ती घरी गेली नाही. कोण शिकारी आणि कोण लाकूडतोडे ते तरी कळावं, म्हणून तिने टेबलाशी बसून माणसांचे सगळे फोटो एकेक करून उघडले.



आठ कॅमेरे, बॅटऱ्या बदलायला दर पंधरवड्याला एक अशा वर्षभरात सव्वीस फेऱ्या. दोनशे आठही फोटोंत ती एकटीच होती.