पांढरा थर

वीज नसलेल्या दवाखान्यांसाठी त्याने रक्ताचे घटक वेगळे करणारं, हाताने फिरवायचं यंत्र चार वर्षं खपून बनवलं. ते विकत घेऊ पाहणाऱ्या कंपनीचे मालक करार आणि पारखायला एका डॉक्टरीणबाईंना घेऊन आले आणि दाखवायला ठेवलेला रक्ताचा नमुना नेमका खराब निघाला. "माझं घ्या की," बायकोने हौसेने बाही वर केली. त्याने यंत्र फिरवलं. नळीत खाली लाल, वर पिवळसर आणि मध्ये बोटभर पांढरा थर होता. "वा, काय स्पष्ट दिसतंय! जाहिरातीत हीच नळी छापा," मालक म्हणाले. डॉक्टरीणबाई त्याच्या कानाशी लागल्या, "पांढऱ्या पेशींचा हा थर एरवी केसाएवढा असतो. रक्ताच्या कॅन्सरचा संशय येतोय. वहिनींना आत्ताच इस्पितळात न्या." त्याने मालकांच्या हातातल्या करारावर नजर टाकली. "आधी सही होऊ द्या," तो पुटपुटला आणि फोटोसाठी नळी उजेडात धरली. "माझंच रक्त आहे हो ते!" बायको सगळ्यांना सांगत होती.