लाल तारा आणि शाईची फुली

वेधशाळेचे संचालक ताऱ्यांच्या छायाचित्राची जुनी काच घेऊन अशा काचांवरचे तारे मोजणाऱ्या, आता निवृत्त झालेल्या बाईंच्या घरी आले. याच काचेवरून तीस वर्षांपूर्वी बाई तेव्हाच्या साहेबांशी भांडल्या होत्या. “या तारकागुच्छातले बाकीचे तारे निळे, तरतरीत. हा फुगलेला लाल म्हातारा मधेच घुसलेला उपटसुंभ आहे!” साहेब गरजले. “साहेब, सगळे एकदमच जन्मलेत. हा सर्वांत आडदांड. इंधन भराभर जाळलं, म्हणून आधी म्हातारा झाला.” साहेबांनी शाईनं ताऱ्यावर फुली मारली, बाईंच्या बढतीवरही. “नवी मोजणी आली,” संचालक आता चाचरत म्हणाले. “लाल तारा गुच्छाबरोबरच, त्याच दिशेनं, त्याच वेगानं चाललाय, बाई; म्हणजे त्यांच्यातलाच. तुमचंच खरं होतं.” बाईंनी बोटाला थुंकी लावून फुली पुसली. “बिचाऱ्याला उगाच तीस वर्षं घराबाहेर ठेवलं हो,” त्या म्हणाल्या. एरवी हातमोज्यांविना काचेला हात लावणाऱ्याला निलंबित करणारे संचालक मन लावून खिडकीबाहेरची रहदारी बघत राहिले.